परसातील अंडीविक्री

घराच्या परसात मोकळ्या सोडून पाळलेल्या थोड्या कोंबड्यांची, कुटुंबाच्या गरजेपेक्षा अधिक ठरलेली अंडी शेजारी, दुकानदार अथवा बाजारातील गिऱ्हाईक यांना विकण्याचा व्यवहार. व्यापारी कुक्कुटपालनात अंडे विकण्यासाठीच निर्माण केले जाते. परसातील कोंबडीचे अंडे मात्र प्रथम घरचे असते आणि काही निर्णयांनंतरच ते विक्रीस निघते. ते खुडुक कोंबडीखाली उबवण्यास ठेवावे, घरात खावे की विकावे, हा निर्णय बहुधा घरातील स्त्री घेते. त्यामुळे ‘अतिरिक्त’ किंवा वरकड अंडी ही संज्ञा केवळ संख्येची नसून त्या कुटुंबाची पैशाची निकड, मुलांचा आहार व कळपाची पुढील वाढ या तिन्हींच्या तडजोडीतून तिचा अर्थ ठरतो. प्रस्तुत नोंदीत या व्यवहाराचे स्वरूप मुख्यतः ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसराच्या संदर्भात दिले आहे. ग्रामीण कोंबडीपालन व दाट नागरी वस्ती येथे एकमेकांना लागून असल्याने या व्यवहाराचे लाभ व अडचणी दोन्ही या भागात स्पष्ट दिसतात.

प्रदेश : मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ही तीन शहरे एकापुढे एक वसली आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सु. ६० किमी. व बदलापूर सु. ६८ किमी. अंतरावर आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांना तेथील बराकींत आसरा देण्यात आला व १९४९ मध्ये वसाहतीस सध्याचे नाव मिळाले. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी व औद्योगिक वसाहतीसाठी प्रसिद्ध आहे. बदलापूर उल्हास नदीकाठी असून त्याच्या पूर्वेस बारवी धरणाचा डोंगराळ प्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ व कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लाखाहूनही थोडी कमी होती, यावरून वाढीचा वेग लक्षात येतो. शहरांभोवतीच्या गावांत व पाड्यांत आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी इ. समाजांची वस्ती असून भातशेती, मजुरी, वीटभट्टीचे काम आणि रानमेव्याची विक्री यांच्या जोडीला दाराशी चार कोंबड्या असणे ही तेथील जुनी रीत आहे. या वाढीचा परिणाम दुहेरी झाला. अंड्याचे गिऱ्हाईक घराजवळ आले. पण कोंबडीला चरण्यासाठी लागणारे परस, खळे, उकिरडा व मोकळे शेत मात्र कमी होत गेले.

कोंबडी व अंड्यांचे चक्र : परसातील कोंबडी बव्हंशी गावठी, म्हणजे स्थानिक मिश्र वाणाची असते. ती दिवसभर किडे, गवताचे बी, सांडलेले भात व घरातील उष्टे-खरकटे टिपून खाते. सकाळ-संध्याकाळ तिला मूठभर कण्या किंवा कोंडा मिळतो. रात्री ती खुराड्यात व लहान पिले डालग्याखाली असतात. खाद्याचा रोख खर्च नगण्य असल्याने तिचे उत्पादन कमी असूनही ती परवडते.

गावठी कोंबडी अंडी सलग वर्षभर देत नाही. सु. १० ते १५ अंडी दिल्यावर ती खुडुक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवण्यास बसते. अंड्यातून पिलू बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात व त्यानंतर पिले स्वतंत्र होईपर्यंत काही आठवडे ती अंडी देत नाही. असे तीन-चार फेरे वर्षात होतात आणि वार्षिक उत्पादन सु. ५० ते ७० अंड्यांपर्यंत जाते. व्यापारी कुक्कुटशाळेतील व्हाइट लेगहॉर्न वाणापासून निपजलेली संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. निवड पद्धतीच्या प्रजननाने तिच्यातील खुडुक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी केलेली असते. या दोन टोकांमधील स्थान परसासाठी मुद्दाम विकसित केलेल्या वाणांना आहे. बंगलोर येथील कृषी विद्यापीठाचा ‘गिरिराज’, हैदराबाद येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कुक्कुट संशोधन संस्थेचे ‘वनराज’ व ‘ग्रामप्रिया’ हे त्यांपैकी प्रमुख होत. ग्रामप्रिया कोंबडी चांगल्या देखभालीत वर्षाला २०० च्या वर अंडी देऊ शकते. तथापि अशा सुधारित कोंबड्या स्वतः उबवणी करीत नसल्याने किंवा क्वचितच करीत असल्याने पिले दर वेळी विकत आणावी लागतात. शिवाय वजनाने जड असल्याने मुंगूस, मांजर, घार यांपासून त्यांना चपळाईने सुटता येत नाही. म्हणून अनेक घरांत सुधारित कोंबड्यांची अंडी गावठी खुडुक कोंबडीखाली ठेवून दोन्हींचा मेळ घातला जातो.

अंडी देणे दिवसाच्या लांबीवर, खाद्यावर व ऋतूवर अवलंबून असते. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तासांचा प्रकाश आवश्यक असून तो परसात कृत्रिम रीत्या दिला जात नाही. कोकणातील पावसाळ्यात ओल, रोगराई व चरण्यास न मिळणारी उघडीप यांमुळे उत्पादन घटते. भातकापणीनंतर सांडलेले धान्य मिळू लागले म्हणजे ते सुधारते.

अतिरिक्त अंड्यांचे गणित : उदाहरणादाखल पाच गावठी कोंबड्यांचे एक घर घेता येईल. प्रत्येकीची ६० अंडी धरल्यास वर्षाला ३०० अंडी होतात. कळप टिकवण्यासाठी चार वेळा १२-१२ अंडी उबवण्यास ठेवली, तर ४८ अंडी त्यात जातात. फुटलेली, कुजलेली, साप-मुंगसाने खाल्लेली किंवा झुडपात घातल्याने न सापडलेली मिळून २२ अंडी वजा केली, तर २३० उरतात. ही सर्व विकली, तर वर्षाकाठी १९ डझन अंड्यांचा पैसा हाती येतो. याउलट घरातील दोन मुलांना आठवड्यातून प्रत्येकी दोनच अंडी दिली, तरी २०८ अंडी घरातच संपतात आणि विक्रीस अवघी २२ राहतात. आकडे गृहीत असले, तरी त्यांवरून मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. परसातील अतिरिक्त अंडी ही बहुतेक वेळा घरच्यांनी न खाल्लेली अंडी असतात.

हा मुद्दा पोषणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका अंड्यात सु. ६ ग्रॅ. उत्तम प्रतीची प्रथिने, स्निग्ध पदार्थ, अ व ब-१२ जीवनसत्त्वे इ. घटक असतात. भारतातील अंड्यांचे उत्पादन १९५०-५१ मध्ये सु. १८३ कोटी होते, ते २०२३-२४ मध्ये सु. १४,२७७ कोटींवर गेले आणि दरडोई वार्षिक उपलब्धता ५ वरून १०३ अंड्यांपर्यंत वाढली. पोषणतज्ञांनी सुचविलेले प्रमाण दरडोई वर्षाला १८० अंडी असे आहे. ही वाढ मुख्यतः मोठ्या कुक्कुटशाळांतून झाली असून तिचा वाटा क्रयशक्ती असलेल्यांकडे अधिक जातो. ज्या घरात कोंबडी आहे, त्या घरातील मुलाला अंडे मिळतेच असे नाही. मात्र विक्रीच्या पैशातून तेल, मीठ, वही किंवा औषध येत असल्याने विक्री थांबवा असा सल्ला देणे व्यवहार्य ठरत नाही. उपयुक्त उपाय म्हणजे कळपातील मर कमी करून व सुधारित वाण मिसळून अंड्यांची एकूण संख्या वाढवणे. वरील उदाहरणात दोन ग्रामप्रिया कोंबड्यांची भर पडली, तर मुलांचा वाटा काढूनही विक्रीस पुरेशी अंडी उरतात. अर्थात त्यांच्या अधिकच्या खाद्याचा खर्च हिशोबात धरावा लागतो.

निवड, पारख व साठवण : अंड्याच्या कवचावर हजारो सूक्ष्म रंध्रे असतात व त्यांवर नैसर्गिक पातळ आवरण असते. ते जंतूंना अटकाव करते व आतील पाणी उडून जाऊ देत नाही. अंडे पाण्याने धुतल्यास हे आवरण निघून जाते. म्हणून मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे व फार घाण असल्यास विकू नये. अमेरिकेत अंडी धुऊन थंड ठेवण्याची, तर युरोपीय देशांत न धुता विकण्याची पद्धत आहे. जेथे शीतपेटी नाही तेथे दुसरी पद्धत सुरक्षित ठरते.

कोंबड्यांत कोंबडा असल्यास अंडी फलित असतात. सु. २५° से. च्या वर तापमान राहिल्यास फलित अंड्यातील गर्भाची वाढ सुरू होऊ शकते व ते लवकर बिघडते. बदलापूर-अंबरनाथ भागात मार्च ते मे या काळात दुपारचे तापमान बहुधा ३५° से. च्या पुढे जाते. त्यामुळे उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करून तीन-चार दिवसांत विकणे आवश्यक असते. कोंबडा वेगळा केला तरी त्यानंतर सु. दोन ते तीन आठवडे फलित अंडी मिळत राहतात. साठवणीसाठी धान्याच्या कोंड्यात किंवा तुसात, निमुळते टोक खाली ठेवून अंडी ठेवतात. ओल्या वाळूत अर्धवट पुरलेले मातीचे मडके, त्यात तळाशी पेंढा व तोंडावर ओले फडके, ही बिनखर्चाची पद्धतही परिणामकारक आहे.

ताजेपणाची पारख सोपी आहे. काळोखात दिव्यासमोर अंडे धरले असता ताज्या अंड्यातील वायुकोष लहान दिसतो. गर्भाची वाढ झाली असल्यास रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. पाण्यात टाकल्यास ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे होते व फार जुने तरंगते. दिवस जातात तसे कवचातून पाणी उडून वायुकोष मोठा होत जातो, हे त्याचे कारण होय. अशी पाण्यातील अंडी लगेच पुसून खाण्यासाठीच वापरावीत.

विक्रीच्या पद्धती : सर्वांत जुनी पद्धत दारावरच्या विक्रीची आहे. शेजारीण निरोप ठेवते व चार-सहा अंडी साठली म्हणजे घेऊन जाते. दुसऱ्या पद्धतीत अंडी गावातील दुकानदाराला देऊन त्या बदल्यात किराणा घेतला जातो. येथे भाव दुकानदार ठरवतो. तिसरी पद्धत बाजारात बसण्याची. करवंदे, जांभळे, रानभाज्या घेऊन शहरात येणाऱ्या पाड्यांवरील स्त्रिया टोपलीत पेंढ्यावर थोडी अंडीही आणतात. केवळ अंड्यांसाठी येणे प्रवासखर्चात परवडत नसल्याने अंडी ही बहुधा जोडविक्रीची वस्तू असते. चौथ्या पद्धतीत फिरता खरेदीदार घरोघरी अंडी व कोंबड्या गोळा करून शहरातील दुकानांना पुरवतो. अलीकडे भ्रमणध्वनीवरून मागणी नोंदवून गृहसंकुलांतील ग्राहकांना आठवड्याने अंडी पोहोचवण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

गावठी अंडे नगावर किंवा डझनावर विकतात. कुक्कुटशाळेतील अंड्यांचा घाऊक व्यवहार याहून वेगळा आहे. तो शेकड्याच्या भावाने होतो. ३० अंड्यांचा एक ट्रे व ७ ट्रेंची, म्हणजे २१० अंड्यांची, एक पेटी असे माप असते. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निरनिराळ्या केंद्रांसाठी दररोज भाव सुचविते. त्यापूर्वी अंड्यांचे भाव व्यापारी ठरवीत व उत्पादकांचे मोठे नुकसान होई. या नुकसानीतूनच बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उत्पादक संघटित झाले. उल्हासनगर-अंबरनाथमधील किराणा दुकाने, बेकऱ्या व भुर्जीच्या गाड्या या ट्रेमधील अंड्यांवर चालतात. श्रावण, नवरात्र व मार्गशीर्ष या काळात मागणी उतरते व हिवाळ्यात चढते, त्याप्रमाणे हा भाव हलतो.

गावठी अंड्याचा भाव मात्र या सूचित भावाशी बांधलेला नाही. तो बहुधा दीडपट ते दुप्पट असतो. बाळंतीण, आजारातून उठलेली व्यक्ती, तालमीत जाणारी मुले यांच्यासाठी गावठी अंडे मुद्दाम शोधून घेतले जाते व गिऱ्हाईक त्याच्यासाठी जास्त पैसे देते. वजनाच्या दृष्टीने हा फरक आणखी वाढतो. गावठी अंडे सु. ३५ ते ४५ ग्रॅ. व कुक्कुटशाळेतील अंडे सु. ५५ ते ६० ग्रॅ. भरते, म्हणजे गावठी अंड्यांचा डझन घेणाऱ्यास दुसऱ्याच्या सु. दोन-तृतीयांश इतकाच ऐवज मिळतो. अॅगमार्क प्रतवारीत ६० ग्रॅ. व त्याहून अधिक वजनाचे अंडे अतिमोठे, ५३ ते ५९ ग्रॅ. मोठे, ४५ ते ५२ ग्रॅ. मध्यम व ३८ ते ४४ ग्रॅ. लहान मानतात. या प्रतवारीत गावठी अंडे ‘लहान’ किंवा त्याहूनही खाली जाते. वजनावर आधारलेल्या बाजारात त्याला स्थान नाही. त्याची किंमत त्याच्या उगमावरील विश्वासात आहे.

खरे-खोटे : हा विश्वासच या व्यवहाराचा कच्चा दुवा होय. कवचाचा तपकिरी रंग हा गावठीपणाचा पुरावा मानला जातो. पण तो केवळ वाणाचा गुण आहे. ऱ्होड आयलंड रेड वाणाची कुक्कुटशाळेतील कोंबडीही तपकिरी अंडी देते, तर अनेक गावठी कोंबड्यांची अंडी फिकट किंवा जवळजवळ पांढरी असतात. बलकाचा गडद पिवळा रंग हिरवा चारा, मका इ. मधील रंगद्रव्यांमुळे येतो व तो खाद्यातून मुद्दामही आणता येतो. चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून लहान पांढरी अंडी गावठी म्हणून विकण्याचे प्रकार अधूनमधून उघडकीस येतात. ओल्या फडक्याने घासल्यास असा वरवरचा रंग बहुधा सुटतो. प्रथिनांच्या बाबतीत दोन्ही अंड्यांत लक्षणीय फरक नाही. मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वे व स्निग्धाम्ले खाद्यानुसार अधिक असू शकतात.

खोट्या मालाचा फटका प्रथम खऱ्या विक्रेतीस बसतो. तिच्याजवळ कोणतेही प्रमाणपत्र नसते. ओळख हीच तिची खूण असते. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंड्याला तशी खूण मिळणे कठीण आहे, कारण ते ठिकठिकाणी थोडेथोडे निघते व त्याचा स्थानिक असा वेगळा गुण सिद्ध करता येत नाही. त्यामुळे नेहमीचे गिऱ्हाईक धरून ठेवणे, शिळे अंडे न देणे व खराब निघाल्यास बदलून देणे हीच या विक्रीची खरी हमी राहते.

रोग व आरोग्य : परसातील कळपाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत किंवा मानमोडी हा विषाणुजन्य रोग. त्याची साथ आली म्हणजे पाड्यातील बहुतेक कोंबड्या काही दिवसांत दगावतात. प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. परंतु तिच्या एका कुपीत शेकडो मात्रा असतात व ती थंड ठेवावी लागते. पाच कोंबड्यांच्या घरास ती एकट्याने वापरणे अशक्य असल्याने सर्व पाड्याने एकाच दिवशी लस देणे हाच मार्ग उरतो. देवी रोगाचाही प्रादुर्भाव होतो.

बर्ड फ्ल्यू हा रोग भारतात प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात वेहळोली येथे आढळला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून १ किमी. परिघातील कोंबड्या नष्ट करतात, अंडी व खाद्याची विल्हेवाट लावतात आणि १० किमी. पर्यंतच्या क्षेत्रावर देखरेख ठेवतात. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी भरपाई मिळते. मात्र साथीपूर्वी मेलेल्या कोंबडीची व बुडालेल्या विक्रीची भरपाई होत नाही. अंडे पूर्ण शिजवल्यास हा विषाणू, तसेच विष्ठेतून कवचावर येणारे सालमोनेला जंतू नष्ट होतात. म्हणून ग्राहकाने अंडे कच्चे वा अर्धकच्चे खाऊ नये.

औद्योगिक परिसरात आणखी एक धोका संभवतो. कोंबडी माती उकरून खाते. त्यामुळे मातीतील जड धातू व टिकाऊ रासायनिक द्रव्ये अंड्यात उतरतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या परसांविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात घरगुती अंड्यांतील शिशाचे सरासरी प्रमाण बाजारातील अंड्यांच्या ४० पटींहून अधिक आढळले. नेदर्लंड्समधील राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२५ मध्ये फ्ल्युओरिनयुक्त टिकाऊ रसायनांमुळे घरगुती अंडी न खाण्याचा सल्ला देशभर दिला. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी नदी औद्योगिक सांडपाण्याने दूषित झालेली आहे. तिच्या काठी, भंगाराच्या जागी किंवा कचरा जाळला जातो अशा ठिकाणी चरणाऱ्या कोंबडीचे अंडे ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक मानता येत नाही. अशा वस्तीत कोंबड्या कुंपणात ठेवणे, स्वच्छ माती वा तूस पसरणे व खाद्य भांड्यात देणे हे उपाय योग्य होत.

कायदेशीर बाजू : अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये ‘प्राथमिक अन्ना’ची व्याख्या शेतकऱ्याव्यतिरिक्त इतरांच्या हाती असलेला शेती वा पशुपालनातील माल अशी केली आहे. त्यामुळे स्वतःच्या कोंबड्यांची अंडी बाळगणारा पशुपालक व तीच अंडी विकत घेऊन विकणारा दुकानदार यांची कायद्यापुढील स्थिती सारखी नाही. दुकानदारास नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो. रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी पथविक्रेता अधिनियम, २०१४ लागू असून त्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत सर्वेक्षण व विक्री प्रमाणपत्र यांची तरतूद आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशी टोपली घेऊन येणारी स्त्री अशा सर्वेक्षणात सहज सुटून जाते. रेल्वेच्या आवारात व गाडीत विनापरवाना विक्रीस रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये मनाई आहे. शहरात कोंबड्या पाळण्याबाबत स्वच्छता व उपद्रव यांविषयीचे स्थानिक संस्थांचे नियम लागू होतात.

स्त्रिया व अंड्यांचा पैसा : अनेक देशांत अंड्यांचा पैसा हा घरातील स्त्रीचा मानला गेला आहे. इंग्लंड-अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांत धान्य व गुरे यांचे उत्पन्न पुरुषाचे, तर अंडी व लोणी यांचे उत्पन्न स्त्रीचे अशी वाटणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रूढ होती. अंड्यांचा धंदा मोठ्या कुक्कुटशाळांकडे गेल्यावर हे उत्पन्न तिच्या हातून गेले. बांगला देशात ‘ब्रॅक’ या संस्थेने पिले वाढवणारी, कोंबड्या पाळणारी, लस टोचणारी व अंडी गोळा करून विकणारी अशा वेगवेगळ्या कामांसाठी ग्रामीण स्त्रियांना तयार केले. विक्री हे स्वतंत्र काम मानून त्यासाठी माणूस नेमणे, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. भारतात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना चार आठवड्यांची ४५ पिले टप्प्याटप्प्याने देण्याची परसातील कुक्कुटपालन योजना राबविण्यात आली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या व इतर पक्ष्यांची संख्या सु. ३१.७ कोटी आढळली. ती २०१२ च्या तुलनेत सु. ४६ टक्क्यांनी अधिक होती. यावरून व्यापारी कुक्कुटशाळांच्या वाढीने परसातील कोंबडी नाहीशी झालेली नाही, हे दिसून येते. मात्र पिले व लस यांवर जेवढा भर दिला गेला, तेवढा विक्रीच्या व्यवस्थेवर दिला गेलेला नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात गिऱ्हाईक मुबलक आहे. तुटवडा निर्धोक चराऊ जागेचा, वेळेवर मिळणाऱ्या लसीचा व बसून विकण्याच्या हक्काच्या ठिकाणाचा आहे. शेजारच्या काही घरांची अंडी एकत्र करून, त्यांवर दिनांक लिहून, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ग्राहकांना देण्याची व्यवस्था स्त्रियांच्या बचत गटांना अल्प भांडवलात करता येण्याजोगी आहे. तीत प्रत्येक घराने मुलांचा वाटा आधी बाजूला काढावा व उरलेलीच अंडी गटाकडे द्यावीत, असा नियम केल्यास ‘अतिरिक्त’ या शब्दास खरा अर्थ प्राप्त होईल. (⟶ अंडे, कुक्कुटपालन, कोंबडी).